दिवाळीची पोस्त नको, पगारपत्रकावर नाव हवं

मागच्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, एकूण ११ दिवस हॉस्पिटलमध्ये होतो, त्यातल्या ९ रात्री मी तिच्यापाशी. ज्यांनी अशा रात्री काढल्यात त्यांना माहितीये की झोप अशी लागतच नाही, नातेवाइकांसाठी ठेवलेल्या त्या अरुंद बाकड्यावर नुसतं आडवं व्हायचं आणि कोण येतंय कोण जातंय बघत पडायचं. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला शेजारच्या बेडवरच्या आजोबांनी झोपेत हाताची सुई उपसून काढली, रक्त चादरीवरून खाली फरशीवर, सिस्टर धावत आल्या, त्यांनी आजोबांचा हात दाबून धरला आणि तिथूनच हाक मारली, "मावशीऽऽ!"

मावशी आल्या. ग्लोव्हज चढवले, पिवळी पाटी उभी केली, रक्तावर जाड टिश्यू अंथरला आणि बाटलीतलं औषध कडेकडेने ओतत आत आणलं. आणि मग काहीच न करता तिथेच उभ्या राहिल्या. मला कळेना ह्या पुसत का नाहीत, तसं विचारलंही. म्हणाल्या, "धा मिनटं ऱ्हाऊ द्यावं लागतं ताई. लगेच पुसलं तर नुसतं पसरतं, मरत न्हाई काही." दहा मिनिटांनी तो टिश्यू उचलून पिवळ्या पिशवीत, परत एकदा औषध, मग पोछा, मग बेडचा कठडा, सलाईनचा स्टँड, बेलचं बटण, लाईटचा स्विच, दाराची कडी. आजोबांचे कपडे बदलून होईपर्यंत फरशीकडे बघून कोणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

आजोबांच्या मुलाने सिस्टरांचे आभार मानले, सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांचेही मानले. मावशींना कोणी काही म्हटलं नाही. मी पण नाही.

डिस्चार्जच्या दिवशी बिलाबरोबर फीडबॅकचा फॉर्म हातात दिला. डॉक्टर कसे वाटले, नर्सिंग कसं होतं, जेवण, बिलिंग, आणि सगळ्यात शेवटी 'स्वच्छता', पुढे पाच स्टार. डॉक्टर आणि सिस्टरांच्या रकान्यात नाव लिहायला जागा होती, स्वच्छतेच्या रकान्यात नव्हती. मला त्यांचं नाव लिहायचं होतं म्हणून नर्सिंग स्टेशनला जाऊन विचारलं, तर तिथल्या तिघींपैकी एकीलाही माहीत नव्हतं. एक म्हणाली, मावशी ना, त्या हाऊसकीपिंगच्या, त्यांचं सगळं एजन्सीकडे असतं. मावशींच्या गळ्यातल्या कार्डावर पण एजन्सीचं नाव मोठ्या अक्षरात, खाली 'हाऊसकीपिंग' आणि एक नंबर. सात वर्षं त्याच मजल्यावर काम करतायत बाई. (त्यांचं नाव मी नंतर त्यांनाच विचारलं, पण इथे लिहीत नाही, त्यांची नोकरी आहे.)

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. सफाई करणाऱ्यांचं कौतुक करायला आपण कमी करत नाही असं वरवर बघता वाटतं. दिवाळीला पोस्त देतो, संक्रांतीला तिळगूळ देतो, जुन्या साड्या देतो, १५ ऑगस्टला सोसायटीच्या गेटपाशी शाल आणि नारळ देऊन फोटो काढतो. माझं म्हणणं असं की ह्यातलं काहीही त्या कामाचं कौतुक नाहीये, हे त्या माणसाबद्दल वाटणारी दया आहे किंवा फार तर आपुलकी आहे. कामाचं कौतुक म्हणजे ते काम हे आपलं काम आहे, आपल्या संस्थेचं मुख्य काम आहे असं मानणं, आणि तसं मानलं की मग त्याला नाव, पगार, ट्रेनिंग, सुट्टी, लस हे सगळं ओघाने द्यावंच लागतं. ते द्यायचं नसतं म्हणून आपण पोस्त देतो.

आधी ते काम काय आहे ते नीट बघूया, कारण झाडू-पोछा म्हटलं की ते कोणालाही येतं असं आपण धरून चालतो. पुढच्या रात्रींत मी मावशींना बरंच विचारलं, त्यांनीही हौसेने सांगितलं. शिक्षण चौथीपर्यंत, गाव लातूरकडचं. पण हायपोच्या, म्हणजे जंतू मारायच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या कॅनवर ५ टक्के लिहिलं असेल तर एकाला चार पाणी, १० टक्के असेल तर एकाला नऊ, म्हणजे दोन्हीकडे १ टक्क्याचं द्रावण होतं, हे त्यांना तोंडपाठ. ते दर पाळीला ताजं करायचं, कारण उघड्या बादलीत त्याचा जोर कमी होत जातो. हायपो आणि संडासचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, क्लोरीनचा गॅस तयार होतो, एका नव्या मुलीने एकदा जास्त चकाचक होईल म्हणून दोन्ही एकदम ओतलं होतं आणि तिला श्वास घेता येईना. वॉर्डात कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते आणि धुळीबरोबर जंतू उडून कोणाच्या तरी जखमेवर बसतात. पुसताना आतून दाराकडे यायचं, आधी स्वच्छ जागा, बाथरूम सगळ्यात शेवटी, आणि बाथरूमचा मॉप वॉर्डात आणायचाच नाही.

मग पिशव्या. पिवळीत रक्ताळलेला कापूस, ड्रेसिंग, शरीरातून काढलेले भाग. लाल पिशवीत सलाईनच्या नळ्या, कॅथेटर, सुई काढलेल्या सिरिंज, ग्लोव्हज. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, टोचून आरपार जाणार नाही अशा डब्यात. काचेच्या बाटल्या निळ्यात. हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत लिहिलेलं आहे आणि ते चुकलं तर हॉस्पिटलला नोटीस येते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एवढं जबाबदारीचं काम, आणि ते रोज हाताने पार पाडणारी बाई मात्र हॉस्पिटलची कोणीच नाही.

आईच्या ऑपरेशनच्या आधी सर्जनने आम्हाला बसवून समजावून सांगितलं होतं की हाडात इम्प्लांट बसवल्यावर सगळ्यात मोठी भीती इन्फेक्शनची, ते आत शिरलं तर परत उघडावं लागतं. काही जंतू कोरड्या कठड्यावर, टेबलावर कित्येक दिवस जिवंत राहतात, काही तर महिने. सर्जनचं काम दोन तासांत झालं, उत्तम केलं त्यांनी, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यानंतरचे दहा दिवस आईची जखम सांभाळली कोणी? सिस्टरांनी आणि त्या कठडा पुसणाऱ्या बाईंनी. फ्लोरेन्स नाइटिंगेलची गोष्ट आपण शाळेत शिकतो, हातात दिवा घेऊन फिरणारी. क्रिमियन युद्धात स्कुतारीच्या त्या लष्करी हॉस्पिटलमध्ये सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरत होते, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं ते १८५५ च्या मार्चमध्ये सॅनिटरी कमिशनची माणसं तिथे पोचल्यावर, त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारं उपसली, पाण्याच्या वाटेतली घाण काढली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. नाइटिंगेलने पुढे आयुष्यभर ह्याच मुद्द्यावर आकडेवारी मांडून भांडण केलं. आपल्याला दिवा लक्षात राहिला. ती गटारं उपसली कोणी, ते आपण कधी विचारलं पण नाही.

आता कायद्याकडे येते, कारण माझ्या मते दुखणं तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा होता, त्यात अशी सोय होती की जे काम बारमाही चालतं, जे संस्थेला रोज लागतंच, त्यातली ठेका पद्धत सरकार बंद करू शकतं. त्या आधारावर ९ डिसेंबर १९७६ ला केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांमध्ये इमारतींची झाडलोट, साफसफाई, पुसापुशी आणि राखण ह्या कामांसाठी कंत्राटी कामगार लावायला चक्क बंदी घातली होती. हो, १९७६ ला. साधा विचार, इमारत आहे तोवर ती रोज झाडायला लागणार, मग ते काम ठेक्यावर कशाला? पुढे १९९६ ला एअर इंडियाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ठेका बंद झाला की ते कामगार मूळ मालकाचे कामगार होतात. आणि मग ३० ऑगस्ट २००१ ला स्टील ऑथॉरिटीच्या केसमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकालही फिरवला आणि १९७६ ची ती अधिसूचनाही रद्द केली, कारण सरसकट बंदी घालण्याआधी कायद्यात सांगितलेला विचार प्रत्येक आस्थापनेबाबत केलेला नव्हता.

त्याच्याही पुढे २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीची संहिता, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हिच्यात म्हटलंय की संस्थेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावता येणार नाहीत, थोडे अपवाद सोडून. ऐकायला छान वाटतं. पण 'मुख्य काम' म्हणजे काय ह्याची व्याख्या वाचली की कळतं, कारण मुख्य काम नसलेल्या गोष्टींची एक यादी दिलीये आणि त्या यादीत पहिल्याच नंबरला सफाई आहे. झाडणं, पुसणं, धूळ काढणं, सगळ्या प्रकारचा कचरा गोळा करून त्याची विल्हेवाट लावणं, हे सगळं मुख्य काम नाही, जोवर ती संस्था सफाईसाठीच काढलेली नाही. कारखान्याच्या ऑफिसबद्दल एक वेळ वाद घालता येईल. पण हॉस्पिटल? जिथे जखम चिघळणार की भरणार हे त्या पुसण्यावर ठरतं तिथेही सफाई हे मुख्य काम नाही? मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, राग पण आला, कारण ही मनोवृत्ती आपल्या घरांत आहेच, ती आता कायद्याच्या व्याख्येत बसली.

ह्याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होतो ते सांगते. मावशींची ड्युटी १२ तासांची. एजन्सीचं कॉन्ट्रॅक्ट दोन-तीन वर्षांनी बदलतं, बोर्ड बदलतो, युनिफॉर्मचा रंग बदलतो, मावशी त्याच, मजला तोच. पण कागदावर प्रत्येक वेळी नोकरी नवीन. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, ती त्यांची सात वर्षांतही झालेली नाहीत. पीएफ कापतात म्हणे, नंबर कधी दिला नाही. ग्लोव्हज मोजून मिळतात. जेवायला बसायची जागा म्हणजे जिन्याखाली, जिथे बादल्या ठेवतात तिथे, कारण कँटीन 'स्टाफसाठी' आहे आणि ह्या स्टाफ नाहीत.

आठव्या रात्री जे झालं ते तर मी विसरूच शकत नाही. कोणीतरी घाईत वापरलेली सुई काळ्या पिशवीत, म्हणजे साध्या कचऱ्यात टाकलेली. मावशींनी पिशवी बांधायला धरली आणि ती ग्लोव्हमधून अंगठ्यात गेली. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे, जागा साबण-पाण्याने धुवायची, दाबून रक्त काढत बसायचं नाही, ताबडतोब कळवायचं, रक्त तपासायचं, आणि एचआयव्हीची शक्यता असेल तर गोळ्या जितक्या लवकर तितक्या चांगल्या, ७२ तासांच्या आत तरी सुरू व्हायलाच हव्यात. झालं काय, तर एजन्सीच्या सुपरवायझरने फोनवर सांगितलं की कुठे लिहू नका, आमच्यावर येतं, उगाच तुम्हाला दुसऱ्या साईटवर टाकतील. मावशींनी हात धुतला आणि पुढची पिशवी बांधायला घेतली. मी सिस्टरांना सांगितलं, आणि त्या सिस्टर चांगल्या निघाल्या, हाताला धरून कॅज्युअल्टीत घेऊन गेल्या. तिथे पहिला प्रश्न, हिपॅटायटीस बीची लस झालीये का? नाही. सात वर्षांत नाही. त्याच २०१६ च्या नियमांत लिहिलंय की हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटीस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. सिस्टरांना नोकरीला लागल्या-लागल्या दिलेली होती. एकच वॉर्ड, एकच सुई, आणि एकीला लस आहे, दुसरीला नाही, कारण दुसरीचं नाव पगारपत्रकावर नाही.

मला आता 'मावशी' ह्या शब्दाबद्दल पण दोन शब्द बोलायचेत. आपल्याकडे हॉस्पिटल, शाळा, ऑफिस, सगळीकडे सफाई करणाऱ्या बाई म्हणजे मावशी आणि पुरुष असेल तर मामा किंवा काका. शब्द गोड आहे, तो सोडून द्या असं मी म्हणत नाही, मी पण मावशीच म्हणते आणि त्यांनाही ते आवडतं. पण सख्ख्या मावशीचं नाव आपल्याला माहीत असतं ना? ती आजारी पडली की आपण विचारतो ना? इथे नातं जोडून आपण नाव विचारायच्या जबाबदारीतून सुटलोय. आणि नात्यात पगार मागायचा नसतो, नात्यात मिळतं ते प्रेमाने दिलेलं, म्हणून मग पोस्त. बोनस आणि पोस्त ह्यात फरक आहे. बोनस हा हक्क आहे, कायद्याच्या कक्षेत बसणाऱ्या कामगाराला पगाराच्या किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो, कमी दिला तर तक्रार करता येते. पोस्त देणाऱ्याच्या मनावर, आणि घेणाऱ्याने हात जोडायचे. माझ्या ओळखीत अशी किती घरं आहेत जी दिवाळीला ५०० रुपये हौसेने देतात आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्स १०० रुपयांनी वाढवायला हात वर करत नाहीत.

कोविडमध्ये हे सगळ्यांनी बघितलं. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी ५ वाजता आपण बाल्कनीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, मी पण वाजवली, मनापासून वाजवली. त्याच महिन्यात सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला आणि त्यात सफाई कामगार, वॉर्डबॉय, कंत्राटी, आउटसोर्स केलेले, सगळे घेतले होते. चांगलंच केलं. पण म्हणजे मरायची शक्यता होती तेव्हा ते आरोग्य कर्मचारी होते हे आपल्याला बरोबर कळलं होतं! साथ ओसरली आणि ते परत एजन्सीचे झाले.

जात काढल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि ती न काढता कौतुक करणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही. कोण करतं हे काम? आपल्या शहरांच्या महापालिकांत झाडू हातात असलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक दलित जातींतली आहेत, गटारात उतरणारे तर जवळजवळ सगळेच. मुंबईत म्युनिसिपालिटीच्या सफाई कामगारांची संघटना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये उभी केली, म्युनिसिपल कामगार संघ, कारण त्यांना दिसत होतं की ह्या कामगारांना दया नको आहे, पगार, रजा आणि माणूस म्हणून वागणूक हवी आहे. गाडगेबाबांचं नाव आपण स्वच्छतेच्या प्रत्येक योजनेला देतो, २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने सुरू झालं. पण बाबा गावात शिरले की पहिला झाडू स्वतःच्या हातात घ्यायचे, रस्ता झाडून व्हायचा, आणि संध्याकाळी त्याच गावाला कीर्तनात जातीभेदावरून खडसावायचे. आपण झाडू घेतला आणि ते खडसावणं वगळलं.

२०१३ चा हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा आहे, संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये गटारातल्या मृत्यूंसाठी १० लाख भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरी बातम्या येतातच, आणि त्या बातमीत बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ठेकेदाराचा कामगार.

मुंबईत तर नावांची आणखी गंमत... नाही, गंमत म्हणवत नाही ह्याला. महापालिकेच्या दत्तक वस्ती योजनेत झोपडपट्टी झाडणाऱ्यांना कामगार म्हणतच नव्हते, ते 'स्वयंसेवक', आणि पगार म्हणजे 'मानधन'. कामगार म्हटलं की किमान वेतन आलं ना. दुसरीकडे ह्याच मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं कोर्टात लढून २७०० कंत्राटी सफाई कामगारांना महापालिकेत कायम करून घ्यायचा निकाल मिळवला, एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. हे अशक्य नाहीये, एवढंच मला दाखवायचंय.

आणि आमच्या पुण्यातच बघा. कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव ह्यांच्या पाठबळाने. त्यांनी सुरुवातीच्या काळातच महापालिकेकडून काय मिळवलं, तर ओळखपत्र. उकिरड्यावर वेचणाऱ्या बाईला चोर म्हणून हटकायचे, कार्ड आल्यावर तिला सांगता आलं की मी कामगार आहे, हे माझं नाव, हा पालिकेचा शिक्का. त्यातून २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलायला लागली, साडेतीन हजारांच्या आसपास सभासद, बहुतेक बायका, आणि मालकी त्यांचीच, मध्ये ठेकेदार नाही. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा ही मागणी पण ह्या बायकांकडूनच आली, कारण दुसऱ्याची घाण उघड्या हाताने उलगडून बघावी लागते ती त्यांनाच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तर हे गुंडाळून देणं बंधनकारकच केलं. एक लाल ठिपका, एका पेनाचं काम. आमच्या बिल्डिंगमध्ये अजून निम्म्या घरांतून तो येत नाही आणि तीच घरं दिवाळीला मिठाईचा बॉक्स देतात.

लोक काय म्हणतात ते मला माहितीये. पहिलं म्हणजे खर्च. आमच्याच सोसायटीचा हिशोब मांडते, १२० फ्लॅट, सफाईला चौघं जण. प्रत्येकाचा पगार महिन्याला ३००० ने वाढवला तर १२,००० होतात, म्हणजे एका फ्लॅटला १०० रुपये. दोन वडापाव आणि चहा झाला की संपले. हॉस्पिटलचंही तेच, ज्या बिलात ग्लोव्हजचा प्रत्येक जोड, कापसाचा प्रत्येक बोळा लावला जातो त्या बिलात हाऊसकीपिंगला नीट पगार द्यायचे पैसे नसतात हे मला पटत नाही.

दुसरं म्हणजे, अहो पण त्या नीट काम करत नाहीत, कायम केलं की तर बघायलाच नको. ह्यात थोडं तथ्य आहे, मी नाकारत नाही, कायम नोकरीतही कामचुकार माणसं असतात, कुठल्या खात्यात नसतात? पण कारकुनाने काम केलं नाही म्हणून कारकुनी ठेक्यावर द्या असं आपण लगेच म्हणत नाही, तिथे साहेबाला विचारतो. आणि मी जे बघितलं ते उलटं होतं. त्या मजल्यावर सात वर्षांच्या मावशींना हायपोचं प्रमाण पाठ होतं, आणि दोन महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीला कोणी शिकवलंच नव्हतं, ती मावशींचं बघून शिकत होती. एजन्सीला ट्रेनिंगचा खर्च परवडत नाही कारण माणसं टिकत नाहीत, आणि माणसं टिकत नाहीत कारण पगार परवडत नाही. त्या मुलीचं सकाळचं काम आईचा बेड पुसणं हे होतं, म्हणून हा माझाही प्रश्न होता.

तिसरं मत जरा वेगळं आहे आणि चांगल्या मनाने मांडलेलं असतं, की प्रत्येकाने आपापली घाण स्वतः साफ करावी, जपानमध्ये शाळेतली मुलं वर्ग स्वतः झाडतात वगैरे. हो, झाडावाच, माझ्या मुलाला मी बाथरूम घासायला लावते. पण त्याच जपानमध्ये शिंकान्सेन, म्हणजे त्यांची बुलेट ट्रेन, टोकियोला आली की ७ मिनिटांत अख्खी गाडी साफ करणारी टीम आहे, रेल्वेच्याच गटातल्या कंपनीची, आणि ते काम बघायला लोक थांबतात. सगळ्यांनी थोडं थोडं साफ करणं आणि एखाद्याने ते व्यवसाय म्हणून उत्तम करणं ह्यात विरोध कुठे आहे? आपण घरी स्वयंपाक करतो म्हणून कोणी हॉटेलातल्या आचाऱ्याला बिनकामाचा म्हणत नाही.

आई आता काठी घेऊन चालते. टाके काढायला गेलो तेव्हा जखम कोरडी होती, सर्जन खूश होते. मावशींच्या रक्ताचे तीन महिन्यांनंतरचे रिपोर्ट चांगले आले, त्यांनी फोन करून सांगितलं, लसीचे पहिले दोन डोस पण झालेत, तिसरा सहाव्या महिन्यात. मी हॉस्पिटलला दोन पानी पत्र लिहिलंय, तक्रारीचं नाही, साध्या मागण्या आहेत, कार्डावर नाव मोठ्या अक्षरात लावा, फीडबॅक फॉर्ममध्ये रकाना करा, हाऊसकीपिंगच्या प्रत्येकाच्या लसीची नोंद नर्सिंग स्टेशनला ठेवा, एजन्सी बदलली तरी आधीच्या माणसांची वर्षं धरायची अशी अट टेंडरमध्येच घाला. पोच आलीये, उत्तर नाही. पुढच्या महिन्यात आईच्या एक्स-रेला जायचंय, तेव्हा समोर बसून विचारणार आहे.

आणि आमच्या सोसायटीत ह्या रविवारी सफाईचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचा विषय आहे, अजेंड्यावर सहावा. मी लेखी दिलंय की पगार थेट बँकेत आणि स्लिपसकट, पीएफचा नंबर चौघांच्या हातात, आठवड्याची सुट्टी भरपगारी, आणि तळमजल्यावरची मीटर रूमशेजारची खोली त्यांना बसायला, तिथे पंखा, पाण्याचा फिल्टर, शेजारच्या टॉयलेटची किल्ली. सेक्रेटरींचं म्हणणं विषय मोठा आहे, पुढच्या मीटिंगला घेऊ. मी म्हटलं ह्याच मीटिंगला. चौघांनाही बोलावलंय, आणि सुपरवायझरला आजच सांगून ठेवलंय की त्या तासाची हजेरी कापायची नाही.